आमचा घरगुती चित्रगुप्त

माणसाने चूक करावी की करू नये याबद्दल शास्त्रकारांत मतभेद असतील, पण केलेली चूक खोडावी कशी याबद्दल बँकेत मतभेद नाहीत. खोडरबर चालत नाही. ते बाटलीतलं पांढरं औषध चालत नाही. आकड्यावर आकडा गिरवलेला तर मुळीच चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एक सरळ आडवी रेघ मारायची, तीही अशी की खालचा आकडा कुणालाही सहज वाचता यावा. डोक्यावर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही ठोकायची. म्हणजे चूक दुरुस्त होते, पण जात नाही. सही करणाऱ्याकडे बघत ती जन्मभर तिथेच बसून राहते. पुढे लेजरं गेली, संगणक आले, तरी धर्म तोच राहिला. चुकीची नोंद पुसता येत नाही, तिच्या उलट नोंद करावी लागते. गणपतरावांचे पाच हजार चुकून गजाननरावांच्या खात्यात गेले, तर ते गेले होते आणि परत आले, हे दोघांच्याही पासबुकात छापून येतं.

चेकचं सोवळं याहून कडक. नाव किंवा रक्कम खोडून दुरुस्त केलेला चेक, शेजारी चार सह्या मारल्या तरी हल्ली चालत नाही. नवा चेक फाडा! त्यावर आधीच्या चुकीचा मागमूस नसतो. कोरी करकरीत पाटी.

मी पडलो बी.कॉम. तत्त्वज्ञानाचा पेपर आम्हाला नव्हता. तरी वीसेक वर्षं काउंटरच्या आत बसून माझ्या ध्यानात एवढं आलं आहे की जगात हे दोनच पंथ असावेत. लेजरपंथाचे लोक म्हणतात, झालेलं दिसू द्या. चेकपंथाचे म्हणतात, फाडा आणि नवा घ्या. नवराबायकोच्या भांडणात बायको साधारणपणे लेजरपंथी असते आणि नवरा चेकपंथी, हे मी अनुभवाने सांगतो. यापलीकडे या विषयात काही असेल असं मला वाटलं नव्हतं. पण चिरंजीवांनी घरी एक डबा आणला.

चिरंजीव पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. महिन्यातले काही दिवस ते वाशिमला येऊन घरूनच काम करतात, म्हणजे दिवसभर खोलीचं दार लावून बसतात आणि चहापुरते बाहेर येतात. डबा काळा, दोन खणांचा, दिसायला पाव भाजायच्या यंत्रासारखा. प्रत्येक खणात एक हार्डडिस्क. घरातल्या वायफायच्या पेटीला तो तारेने जोडला की घरातल्या सगळ्यांचे कागद त्यात राहतात, आणि एकीवर जे लिहिलं ते आपोआप दुसरीवरही लिहिलं जातं. एक डिस्क मेली तरी दुसरी शाबूत.

हे समजावून सांगताना सौ. ने भाजी निवडता निवडता विचारलं, ‘‘म्हणजे चूक केली तर तीही दोन्हीकडे होणार?’’

चिरंजीव गप्प झाले. ही शंका म्हणे त्यांच्या कंपनीतल्या निम्म्या लोकांना येत नाही. दोन आरसे समोर ठेवले म्हणून तोंडाला लागलेली शाई जात नाही, दोन्हीकडे दिसते एवढंच. ‘‘म्हणूनच आई, मी यात गिट बसवणार आहे,’’ ते म्हणाले.

‘‘आता गिट्टी कशाला? स्लॅब तर मागेच टाकून झाला.’’

वऱ्हाडात घर बांधलेल्या बाईला गिट म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? तर हे गिट म्हणजे लिनस टोरवाल्ड्स नावाच्या गृहस्थाने २००५ साली लिहिलेलं सॉफ्टवेअर. लिनक्स ज्याने केलं तोच हा. जगभरचे हजारो लोक लिनक्समध्ये दुरुस्त्या करायचे. कोणी काय बदललं याचा हिशेब ते दुसऱ्याच एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर फुकटात ठेवत होते. ती सवलत बंद झाली, तेव्हा या गृहस्थाने थोड्याच दिवसांत स्वतःचं लिहून काढलं. इंग्रजीत गिट ही एक सौम्य शिवी आहे. मी माझ्या सगळ्या वस्तूंना स्वतःचंच नाव देतो, असं तो नंतर गमतीने म्हणाला. आपल्याकडे एवढं मोठं काम करून स्वतःला मूर्ख म्हणवून घेणारा माणूस विरळा. इथे चार बेंचेस दान केले तरी आजोबांपासूनची नावं कोरतात.

डब्यात जे बसवायचं त्याला ‘बेअर’ म्हणजे उघडं भांडार म्हणतात. त्यात शिरून पाहिलं तर तुमची फाइल फाइलच्या रूपात सापडत नाही. असतो तो फक्त इतिहास. ज्याला फाइल हवी त्याने तो सबंध इतिहास आपल्या संगणकावर उतरवून घ्यायचा, फाइल बदलायची आणि बदल डब्यात परत पाठवायचा. प्रत्येक बदलाबरोबर नाव, तारीख, वेळ आणि एक ओळीचं कारण. हे ऐकून मात्र मी खुर्चीत सावरून बसलो. हे तर नरेशन! जर्नल एंट्रीखाली ‘बीइंग’ लिहून कारण द्यायला आम्हाला अकरावीतच शिकवलं होतं. त्या कॉम्प्युटरवाल्यांना तिथे पोचायला एवढी वर्षं लागली. शिवाय त्यात एक हुकूम आहे, ‘ब्लेम’ म्हणून. तो दिला की कुठली ओळ शेवटी कोणी लिहिली आणि कधी, हे ओळीगणिक समोर येतं. सौ. म्हणाली, ‘‘हे यंत्र माझ्या सासूबाईंच्या वेळी पाहिजे होतं.’’

डब्याला नाव द्यावं लागतं. मी ‘चित्रगुप्त’ सुचवलं, ते एकमताने पास झालं. फोटो आणि स्कॅन केलेले कागद नुसते साध्या कप्प्यात ठेवले, कारण ते गिटमध्ये घातले की पोट फुगतं. गिटमध्ये लिखाण तेवढं ठेवलं. माझे लेख, सौ. च्या कृती, पाहुण्यांची यादी. आणि मागच्या वर्षी थोरल्या पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा लग्नपत्रिकेचा मजकूर.

लग्नपत्रिका म्हणजे काय चीज आहे हे वाचकांना सांगायला नको. देशाची घटना लिहिताना सगळ्यात कमी त्रास नावांच्या क्रमाचा झाला असेल. इथे निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, विनीत, स्वागतोत्सुक अशी खाती असतात आणि प्रत्येक काका कुठल्या खात्यात बसला यावर पुढची दहा वर्षं अवलंबून असतात. त्यात ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी बालमंडळी वेगळी. मजकूर तिघं बदलत होते. आमचा दादा, जो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि ऑनलाइन माहित्या भरून भरून संगणकात तयार झाला आहे, रिसोडचा भाचा, ज्याने पत्रिकेची सजावट केली, आणि मी. तेवीस वेळा मजकूर बदलला. तेविसावा छापला. लग्न झोकात झालं. रिसोडची आमची ताई दोन दिवस आधी येऊन राहिली आणि परत जाताना तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

दिवाळीच्या आधी एकदा दादा चिरंजीवांच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. बाहेर आला तेव्हा चेहरा उतरलेला. मग चिरंजीव माझ्याकडे आले. ‘‘बाबा, मोठेबाबा म्हणतात चौदा नंबरची नोंद काढून टाक.’’

चौदा नंबरची नोंद रात्री अकरा वीसची होती. दादाच्या नावाने. बदल : निमंत्रकांमधून ताई आणि भाऊजी यांची नावं कमी. कारणाच्या जागी तीन शब्द : ‘कारण माहीत आहे.’

पंधरावी नोंद दुसऱ्या दिवशी पहाटे पाच दहाची. पुन्हा दादाचीच. ‘वरील नावे पूर्ववत.’ इथे कारण नव्हतं.

कारण आम्हाला खरोखरच माहीत होतं. त्याच आठवड्यात ताईने आबांच्या जमिनीत आपला हिस्सा मागितला होता. तो तिचा होताच. २००५ च्या दुरुस्तीनंतर तर मुलीच्या हक्काबद्दल बोलायला जागाच उरली नाही. (२००५ साल नोंदी ठेवण्याच्या दृष्टीने एकंदरीत बरंच चांगलं गेलेलं दिसतं.) पण आपल्याकडे रीत अशी की बहिणीने हक्कसोडपत्रावर मुकाट्याने सही करायची आणि त्या बदल्यात भाऊबीजेला चांगल्यातली साडी घ्यायची. ताईने सही केली नाही. दादाने रात्री अकरा वीसला तिचं नाव काढलं आणि पहाटे पाच दहाला परत घातलं. मधल्या जवळजवळ सहा तासांत काय झालं ते चित्रगुप्तालाही ठाऊक नाही.

आता प्रश्न असा : ती नोंद पुसावी का?

सौ. चं मत लगेच तयार. पुसून टाका. पत्रिका छापली तिच्यात नाव आहे, माणूस लग्नाला आलं, आता रात्रीच्या रागाचा कागद जपून ठेवण्यात कसलं भूषण? राग आला आणि गेला, यालाच संसार म्हणतात. सौ. ला चेकपंथात बघून मला आश्चर्य वाटलं, पण ती तडजोड दादापुरतीच असावी.

चिरंजीवांची अडचण निराळी. ते म्हणाले, पुसता येतं, पण एकटी चौदावी पुसता येत नाही. गिटमध्ये प्रत्येक नोंदीला चाळीस अक्षरांचा ठसा असतो. तो त्या नोंदीतल्या मजकुरावरून निघतो आणि त्यात आधीच्या नोंदीचा ठसाही मिसळलेला असतो. चौदावी हलवली की पंधरावीपासून तेविसावीपर्यंत सगळ्यांचे ठसे बदलतात. मला हे तत्काळ पटलं. पासबुकाच्या मधल्या पानावरची शिल्लक बदलली की खालच्या सगळ्या शिलका बदलतात, तसं. ‘‘आणि बाबा,’’ ते म्हणाले, ‘‘सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिसोडला दादाच्या लॅपटॉपवर सगळा इतिहास उतरवलेला आहे. आपण इथे बदलला की पुढच्या वेळी त्याचं मशीन ओरडणार, की दोघांचा इतिहास जुळत नाही.’’ हा दादा म्हणजे भाचा. म्हणजे जे झाकायला जावं, त्याचीच दवंडी.

मला दोन रात्री झोप नीट लागली नाही. बँकेत पाच लाखांचा फरक आला तरी इतका विचार मी करत नाही. तो संध्याकाळपर्यंत सापडतो.

लेजरपंथाला मोठमोठे साक्षीदार आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सित आवृत्ती झाली, १९१९ ते १९६६. बाराशेंहून अधिक हस्तलिखितं ताडून पाहिली. त्यात जे श्लोक मागाहून घुसलेले ठरले ते त्या विद्वानांनी काढले, पण फेकले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. गणपतीने महाभारत लिहून घेतलं ही आपली लाडकी गोष्टसुद्धा मूळ पाठातून निघाली आणि परिशिष्टात जाऊन बसली. सुखटणकरांसारख्या माणसाने लेखणिकालाच बाहेर बसवलं, पण हाकलून दिलं नाही, याला मी सभ्यपणा म्हणतो. आणि इतकं लांब तरी कशाला जा? आपला सातबारा. जुन्या मालकाचं नाव तिथे पूर्वी कोणी खोडत नसे, त्याला कंस करत. कंसातला माणूस वारलेला असो, विकून गेलेला असो, तरी कंसात बसून तो नव्या मालकाकडे पाहत असे. का बदललं ते फेरफाराच्या वहीत. आमच्या खेड्यापाड्यांत ज्यांनी शाळा पाहिली नाही त्यांनाही फेरफाराचा नंबर तोंडपाठ असतो. टोरवाल्ड्स आमच्या तहसिलीत दोन दिवस बसला असता तर त्याचे श्रम वाचले असते.

जपलं नाही तर काय होतं, तेही वाशिमनेच पाहिलं आहे. आमचं वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा पहिला राजा सर्वसेन कवी होता. त्याने प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचं काव्य लिहिलं. आनंदवर्धनासारख्यांनी त्याचा गौरवाने उल्लेख केला. ते काव्य आज नाही. इतरांनी आपापल्या ग्रंथांत उदाहरणाला घेतली तेवढी कडवी उरली. त्याच सर्वसेनाचा मुलगा विंध्यशक्ती. त्याने गाव दान दिल्याचा ताम्रपट १९३९ साली वाशिमला सापडला, आणि तो वाचता येतो. बापाची कविता गेली, मुलाचा जमिनीचा कागद राहिला. वाशिममध्ये जमिनीचे कागद पहिल्यापासूनच चिवट.

पण चेकपंथही काही ऐरागैरा नाही. स्पेनमध्ये एका माणसाच्या घराचा सरकारी थकबाकीपोटी लिलाव निघाला होता. वर्तमानपत्रात जाहिरात आली, १९९८ साली. पुढे देणं फिटलं. तरी त्याचं नाव गूगलवर टाकलं की वर तीच जाहिरात. त्याने तक्रार केली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०१४ साली युरोपच्या वरिष्ठ न्यायालयाने त्याचं ऐकलं : माणसाचं नाव शोधलं की असला शिळा कागद समोर आणू नये. वर्तमानपत्रातली जाहिरात मात्र तशीच राहिली. कर्जखात्यात आयुष्य काढलेल्या मला हा निकाल फार आवडला. देणं फिटलेल्या माणसाला ‘थकबाकीदार’ म्हणून हाक मारणं म्हणजे पाप आहे. गंमत एवढीच, की आपलं कर्ज जगाने विसरावं म्हणून तो लढला आणि त्यामुळे ते आता वाशिमच्या कारकुनालाही ठाऊक झालं. आपल्याकडेही २०२३ च्या कायद्यात आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क लिहिला आहे, पण घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला तो कायदा लागू नाही. भावाबहिणींना सरकारने मोकळं रान दिलं आहे.

तिसऱ्या रात्री मला जे दिसलं ते मी दादाला गच्चीवर नेऊन सांगितलं. म्हटलं, दादा, चौदावी पुसली तर पंधरावीला अर्थ काय राहतो? नाव कमीच झालं नव्हतं तर पूर्ववत कसलं केलं? तुझा अकरा वीसचा राग पुसायला गेलास तर तुझी पहाटसुद्धा पुसली जाते. मग उरेल फक्त एक पत्रिका, जिच्यात बहिणीचं नाव रीतीप्रमाणे छापलं गेलं. रीतीने छापलेलं नाव आणि रात्रभर जागून परत लिहिलेलं नाव यांची किंमत एक नाही.

दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘तू बँकेतला. तुला जमेची बाजू दिसते. ती वाचेल तेव्हा आधी चौदा वाचेल, मग पंधरा.’’

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, अजूनही नाही. कारण ती नोंद केली दादाने, पण ती आहे ताईबद्दल. बँकेत खातं ज्याचं, उतारा मागायचा हक्क त्याचा. तो आम्ही नाकारू शकत नाही. पण मागितला नसताना त्याच्या दारात नेऊन वाचून दाखवणं हाही बँकेचा धंदा नव्हे. मी चिरंजीवांना विचारलं, तेवढी एक नोंद झाकून ठेवता येते का? नाही म्हणाले. गिटमध्ये भांडार दाखवायचं तर सबंध, नाहीतर अजिबात नाही. यंत्र करणाऱ्याला बहिणी असाव्यात, पण त्यांचा जमिनीशी संबंध आलेला नसावा.

शेवटी नोंद पुसली नाही. दादाने पुन्हा तो विषय काढला नाही. आठ दिवसांनी शाळेला रजा टाकून तो गावी गेला आणि ज्यांना लोक अजून तलाठीच म्हणतात त्यांच्याकडे ताईच्या नावाचा वारसाचा अर्ज देऊन आला. मला सांगितलंही नाही. फेरफाराची नोटीस आली तेव्हा कळलं.

भाऊबीजेला ताई आली. ओवाळून झालं, फराळ झाला. दादा सीताफळ सोलत बसला होता. कपाटावर डब्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता, तो ताईने पाहिला.

‘‘काहून रे,’’ तिने चिरंजीवांना विचारलं, ‘‘हाच का तो डबा? सगळं लिहून ठेवते म्हणे?’’

‘‘हो आत्या. सगळं.’’

‘‘पुसता नाही येत?’’

‘‘येतं. पण मग पुढचं सगळं बदलतं.’’

‘‘मग राहू दे बापा. अन् माझी पाटवडीच्या रश्श्याची कृती लिहून घे त्याच्यात. तुझ्या आईनं मागच्या खेपेस तिच्यातलं तिखट कमी केलं, ते बी लिही. कोणी केलं, कधी केलं, समदं.’’

चिरंजीव लॅपटॉप उघडून लिहायला लागले. कृती झाली, तिखट झालं, नाव झालं. ‘‘आत्या, इथे कारण लिहावं लागतं. काय लिहू?’’

ताईने दादाच्या हातातलं सीताफळ घेतलं, त्यातली एक फोड तोंडात टाकली आणि सावकाश बी काढून बशीत ठेवली.

‘‘लिही,’’ ती म्हणाली, ‘‘कारण माहीत आहे.’’